शाळेची शिल्लक : पालकांच्या वर्गणीची दोनशे वर्षे

पालक-शिक्षक संघाची वार्षिक सभा ही काही वर्तमानपत्रात ठळक मथळा मिळविणारी घटना नव्हे. शाळेच्या एखाद्या वर्गात सतरंजी अंथरलेली असते, वीस-पंचवीस पालक जमलेले असतात आणि चिटणीस गतवर्षाचा जमाखर्च वाचून दाखवितात. आरंभीची शिल्लक इतकी, वर्गणी इतकी; पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, स्नेहसंमेलनाचा मांडव, गरजू मुलांच्या वह्या; आणि अखेरची शिल्लक इतकी. आकडे लहान असतात. ऐकणारे मान डोलावितात, चहा घेतात आणि आपापल्या घरी जातात. तथापि या लहानशा वहीच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. शाळेला पैसा कोणी द्यावा, आणि जो देतो त्याला त्या पैशाविषयी विचारण्याचा अधिकार किती असावा, हा त्या इतिहासाचा गाभा होय.

प्रवरेच्या काठी वसलेले बेलापूर हे गाव या इतिहासाकडे पाहण्यास सोयीचे आहे. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे जुने बाजाराचे गाव. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा या गावाचे नाव घेऊन जे स्टेशन उभे राहिले त्याच्याभोवती पुढे श्रीरामपूर शहर वाढले. स्टेशनचे नाव मात्र बेलापूरच राहिले. अशा गावांच्या शाळांचा पैसा कोठून येत गेला हे पाहू लागले, म्हणजे मुंबई इलाख्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या शिक्षणाची सारी स्थित्यंतरे क्रमाने डोळ्यांपुढून जातात.

पहिला काळ पंतोजींच्या शाळेचा. इंग्रजी अंमल बसल्यावर लवकरच, १८२१ साली, मुंबईच्या गव्हर्नरांच्या कौन्सिलातील एक सभासद प्रेंडरगास्ट यांनी आपल्या टिपणात असे नमूद केले की, ज्यात एकही शाळा नाही असे लहानमोठे गाव या मुलखात विरळाच. त्या शाळांतील गुरुजींचे वेतन सरकारी तिजोरीतून येत नसे. पालक आपापल्या ऐपतीप्रमाणे ते देत. कोणी मूठ दोन मुठी धान्य, तर कोणी महिना रुपयापर्यंत. या व्यवहारात वही नव्हती, पावती नव्हती आणि सभाही नव्हती. देणारा आणि घेणारा समोरासमोर असत. मुलाला उजळणी आली नाही तर बाप थेट पंतोजींना विचारी. धान्य आले नाही तर पंतोजी थेट बापाला विचारीत. या व्यवस्थेचा गुण एवढाच की तीत जबाबदारी लपविता येत नसे. तिचा दोष मात्र फार मोठा होता. ज्याच्या घरी मूठभर धान्यही उरत नसे त्याच्या मुलाला ही शाळा नव्हती. मुलींना ती जवळजवळ नव्हतीच. आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तिचे दार बंद होते. थोडक्यात, जो देई त्याचीच शाळा, असा तो न्याय होता.

दुसरा काळ अर्धस्वावलंबी शाळांचा. १८५० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात अशी योजना निघाली की, ज्या गावाला शाळा हवी असेल त्याने मास्तरांच्या पगाराचा अर्धा वाटा उचलावा आणि जागेची सोय करावी; उरलेला अर्धा वाटा सरकार देईल. कागदावर ही योजना अत्यंत न्याय्य दिसते. गावाला शाळेची आस्था असेल तर ते वर्गणी देईल, आणि वर्गणी दिल्यामुळे आस्था वाढेल, असा तिच्यातील विचार. अनुभव निराळा आला. वर्गणीचे वचन देणारे गावचे वजनदार लोक असत आणि ते वचन पुष्कळदा अंमलदारांच्या भिडेने दिलेले असे; वसुलीची वेळ आली की ओझे दुबळ्यांच्या अंगावर जाई. एखादे वर्ष अवर्षणाचे आले की वर्गणी थांबे आणि मास्तरांचा अर्धा पगारही थांबे. नगर जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात तर असे वर्ष वारंवार येणार हे ठरलेलेच. या प्रयोगाने एक धडा कायमचा शिकविला : शिक्षकाचे वेतन ऐच्छिक वर्गणीवर टांगता येत नाही, आणि भिडेने घेतलेल्या वर्गणीला ऐच्छिक म्हणता येत नाही.

यातून तिसरा काळ आला, तो लोकल फंडाचा. १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा ज्यादा पट्टी बसविण्यास आरंभ झाला आणि १८६९ च्या कायद्याने तिला पक्के स्वरूप मिळाले. या पट्टीचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांकडे आणि एक हिस्सा शाळांकडे, अशी वाटणी होती. ज्या शेतकऱ्याचा सारा दहा रुपये, त्याची पट्टी दहा आणे. आणि त्यातील शाळेचा भाग तीन आणे चार पै. रक्कम लहान, परंतु ती दरसाल निश्चित येणारी. गावोगावच्या मराठी शाळा ज्या टिकून राहिल्या त्या मुख्यतः या तीन आणे चार पैंच्या बळावर. मास्तरांना पगार वेळेवर मिळू लागला आणि वर्गणीसाठी दारोदार फिरण्याची नामुष्की संपली.

तथापि या सोयीबरोबर एक गोष्ट निसटली. पट्टी साऱ्याबरोबर तलाठ्याकडे जाई, तेथून तालुक्याला, तेथून जिल्ह्याला. आणि तिचा विनियोग कसा झाला हे ती देणाऱ्या शेतकऱ्याला कधीच कळत नसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले त्याचा रोख नेमका येथे होता. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, अशी त्यांची तक्रार होती; यास्तव खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाकडे आधी लक्ष द्यावे आणि ते बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, एका पालकाने सबंध इलाख्याच्या शाळाखात्याचा जमाखर्च वाचून दाखवा असे म्हटले होते. वर्गणीदाराच्या हक्काचा इतका स्पष्ट उच्चार त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

पुढील चाळीस वर्षांत या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना शिक्षणपट्टी बसविण्याची मुभा असावी, परंतु ज्या पालकाची प्राप्ती महिना दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून फी घेऊ नये, असे त्यात होते. १९१२ साली ते विधेयक नामंजूर झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दोन्हींतील तत्त्व एकच : गरीब पालकाने शाळेला पैसा द्यावयाचा नाही, मूल द्यावयाचे. मूल शाळेत धाडणे हीच त्याची वर्गणी. शेळ्या राखणारा, धाकट्या भावंडाला सांभाळणारा हात घरातून उणा होणे ही काही लहान वर्गणी नव्हे.

चौथा काळ कर्मवीर भाऊराव पाटील यांचा म्हटला पाहिजे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली तिचे कार्य साताऱ्यास आले. संस्थेचे चिन्ह वटवृक्ष, आणि ब्रीद स्वावलंबनाचे. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु कोणत्याही संस्थेचा संसार एका घरच्या दागिन्यांवर फार दिवस चालत नाही. तो चालविला मुष्टिफंडाने. दळणापूर्वी घरातील बाईने मूठभर धान्य शाळेच्या नावाने बाजूला काढावयाचे, ही ती रीत.

या मुठीचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. एक मूठ पाच तोळ्यांची धरली आणि शंभर घरांनी रोज एक मूठ काढली, तर दिवसाला पाचशे तोळे, म्हणजे ऐंशी तोळ्यांच्या पक्क्या शेराने सव्वासहा शेर धान्य जमते. महिन्याला ते साडेचार मणांहून अधिक होते. कोणत्याही एका घराला ती मूठ जाणवत नाही, आणि तरी वसतिगृहाच्या कोठीत पोती उभी राहतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही वर्गणी बाईच्या हातची होती. जमीनमहसुलाच्या पट्टीत तिचे नाव नव्हते, गावच्या बैठकीत तिला जागा नव्हती. परंतु शाळेच्या जमाखर्चात तिची मूठ जमा होऊ लागली. स्वतः मुलेही श्रम करून आपला वाटा देत. १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ थांबविले, तरी संस्था मोडली नाही. ज्या संस्थेची मुळे हजारो घरांच्या जात्यांपर्यंत गेलेली असतात तिला एक झरा आटला म्हणून मरण येत नाही. पुढे नगर जिल्ह्यातही रयतेच्या शाळांचे जाळे पसरले, बेलापूरचे जे. टी. एस. हायस्कूल त्यांपैकीच एक होय.

याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आणखी एक पाऊल टाकले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत जिल्हा लोकल बोर्डाची शाळा नव्हती तेथे शाळा काढणे हे त्याचे काम. आपल्या सत्तर रुपयांच्या मासिक निवृत्तिवेतनातून पंधरा रुपये त्यांनी या कामी दिले आणि लहान लहान वर्गण्यांसाठी ते स्वतः पायी हिंडले. मोठा देणगीदार मिळविण्याऐवजी लहान देणगीदार पुष्कळ मिळवावे, असे कर्व्यांचे धोरण होते. कारण मोठ्या देणगीने इमारत होते, लहान देणग्यांनी शाळेला माणसे मिळतात.

बेलापूरच्या परिसरात मात्र एक निराळाच झरा फुटला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. हरेगावी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. त्यानंतर १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. सहकारी कारखान्यांच्या मुलखात पुढे अशी रीत पडली की, उसाच्या भावातून टनामागे ठराविक रक्कम कापून ती शाळा-महाविद्यालयांकडे वळवावयाची. नीट पाहिले तर रुपयामागच्या एका आण्याचीच ही नवी आवृत्ती. वसुली निश्चित, रक्कम मोठी आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या इमारती डोळ्यांत भरणाऱ्या. परंतु जुना प्रश्नही तिच्याबरोबर परत आला. कपात झाल्यावर ती रक्कम ज्या पालकाची, त्याला तिचा हिशेब कोठे व केव्हा ऐकावयास मिळतो? जेथे सर्वसाधारण सभेत त्याची विचारपूस झाली तेथे ती वर्गणी राहिली. जेथे झाली नाही तेथे तिची पट्टी झाली.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शाळेचा मुख्य भार सरकारने उचलला. १९२३ च्या कायद्याने लोकल बोर्डांकडे आलेल्या शाळा १९६२ साली जिल्हा परिषदांकडे गेल्या. मान्यताप्राप्त खासगी माध्यमिक शाळांना वेतनाचे अनुदान मिळू लागले. मग पालकांच्या पैशाला काम काय उरले? येथे पालक-शिक्षक संघाचा प्रवेश होतो. या कल्पनेचा जन्म परदेशचा. अमेरिकेत १८९७ साली ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोन स्त्रियांनी वॉशिंग्टन येथे मातांची परिषद भरविली. तिचाच विस्तार होऊन तेथील राष्ट्रीय पालक-शिक्षक संघ झाला. आपल्याकडे ही कल्पना आली तेव्हा तिला जमीन नवी नव्हती. मुष्टिफंडाने ती आधीच नांगरून ठेवलेली होती.

संघाच्या तिजोरीचे काम आता वेतन देण्याचे नव्हे, तर फटी बुजविण्याचे. सरकारी अनुदान ठराविक कामासाठी, ठराविक वेळी येते. परंतु कौल फुटण्यास, पंप बिघडण्यास अथवा सहलीच्या दिवशी एखाद्या मुलाजवळ पैसे नसण्यास मुहूर्त लागत नाही. समजा, चारशे मुलांच्या शाळेत दर पालकाकडून वर्षाला पन्नास रुपये घेतले, तर वीस हजार रुपये होतात. त्यांत नवी खोली बांधता येत नाही. परंतु पाण्याची व्यवस्था वर्षभर चालू ठेवता येते, ग्रंथालयात शे-दीडशे पुस्तके भरता येतात आणि दहा-वीस मुलांचे अडलेले काम कोणाला न कळता उरकता येते. लहान शिल्लक ही शाळेची हाताशी असलेली शक्ती होय.

याच शिलकेत संकटाचे बीजही आहे, आणि ते १८५० नंतरच्या दशकात दिसले तेच. वर्गणी ऐच्छिक म्हणावयाची आणि ती न देणाऱ्याच्या मुलाला वर्गात उभे करावयाचे, असे जेथे होते तेथे संघ मोडतो. ज्याने पन्नास रुपये दिले नाहीत तो बाप सभेला येत नाही. आणि जो सभेला येत नाही त्याच्या मुलाची अडचण सभेला कधी कळत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी निधी उभारला तोच निधीपासून सर्वांत दूर राहतो.

अलीकडील कायद्यांनी या गाठीचे दोन पदर वेगळे केले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यान्वये सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात आणि अनुदानाच्या विनियोगावर तिने देखरेख ठेवावी, असे ठरले. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत विद्यार्थिसंख्येप्रमाणे शाळेला वार्षिक दहा हजारांपासून एक लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले; त्यावरही नजर या समितीची. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांत प्रत्येक पालकाला पालक-शिक्षक संघाचा सभासद मानले, कार्यकारी समितीचे पालक-सभासद सोडतीने निवडण्याची रीत घातली आणि फीवाढीचा प्रस्ताव त्या समितीपुढे ठेवणे आवश्यक केले.

या दोन कायद्यांचा ऐतिहासिक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. पंतोजींच्या काळी जो देई त्यालाच विचारता येई. लोकल फंडाच्या काळी सर्व देत आणि कोणालाच विचारता येत नसे. आता पैसा देवो वा न देवो, ज्याचे मूल शाळेत आहे त्याला विचारण्याचा अधिकार आहे. फुल्यांनी १८८२ साली जे मागितले त्याचा एक अंश सव्वाशे वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आला. मूल धाडणे हीच वर्गणी, हे शाहू महाराजांच्या कायद्यातील तत्त्वही त्याबरोबर मान्य झाले.

परंतु कायदा अधिकार देतो, सवय देत नाही. अधिकाराची सवय व्हावयाची तर ती त्या लहानशा वहीतूनच होणार. तीत जमा झालेल्या प्रत्येक रुपयाला पावती असावी. पैसा कोणाच्या खिशात न राहता बँकेतील खात्यात राहावा आणि तो काढण्यास एक शिक्षक व एक पालक अशा दोघांच्या सह्या लागाव्या. हिशेब पाहणारा खर्च करणाऱ्यांपैकी नसावा. वर्गणीदारांची यादी भिंतीवर लागू नये, जमाखर्च मात्र लागावा. आणि तो सभेत मोठ्याने, ज्या पालकाला वाचता येत नाही त्यालाही समजेल अशा भाषेत वाचला जावा. कारण त्या पालकाची शाळेला सर्वांत अधिक गरज आहे आणि शाळेलाही त्याची.

बेलापूरसारख्या गावच्या शाळेत उद्या सभा भरेल. चिटणीस वही उघडतील. मागे, दाराजवळ, कामावरून तशीच आलेली एखादी बाई बसलेली असेल. तिने वर्गणी दिली असेल वा नसेल. टाकीच्या दुरुस्तीला इतके पैसे का लागले, असे तिने विचारावे आणि चिटणीसांनी पान उलटून तिला सरळ उत्तर द्यावे. ज्या दिवशी हे सहज घडते त्या दिवशी शाळेची शिल्लक, आकडा कितीही लहान असो, भरलेली समजावी.